गिरमिटाचं भोक

फेब्रुवारी सरता सरता
रात्री उणे दहा, आणि दुपारी पायरीवरच्या बर्फाला घाम फुटतो,
तेव्हा व्हरमाँटमधले आमचे मॅपल जागे होतात.
नुसती थंडी असून चालत नाही. नुसतं ऊनही नाही.
रात्रीनं आवळायचं, दिवसानं सोडायचं,
त्या ओढाताणीतच रस वाहतो.
ऑरिन हे सांगायला लागला की मी म्हणायची,
झालं, आता प्रवचन येणार.
कधी आलं नाही. तो फक्त गिरमिट पुसायचा
पँटच्या मांडीवर.

यंदा गिरमिट माझ्या हातात.
ऑरिन खिडकीत, चाकांच्या खुर्चीवर,
उजवा हात मांडीवर पडलेला,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
झटका आल्यापासून त्याच्याकडे तीनच शब्द उरलेत:
हो, अरे,
आणि का कुणास ठाऊक, बादली.
भूक लागली, बादली.
गोळी नको, बादली.
परवा झोपताना माझं मनगट धरून
किती हळू म्हणाला, बादली.

आमच्या पाळकबाई लोइस म्हणतात,
चाळीस दिवसांचा उपवासकाळ,
आणि चाळीस बादल्या रसाचा एक बादली पाक,
बघ व्हर्ना, देवाचा हिशेब!
मी मान डोलावली.
धुरानं डोळे चुरचुरत असले
की माणूस कशालाही मान डोलावतो.
पण रस काही रविवार पाळत नाही.
सलग दोन रविवार माझी चर्चमधली जागा रिकामी,
मी भट्टीपाशी, नजर कढईवर.
फेस वर चढला की लोण्याचा एक कण टाकायचा,
तो मुकाट खाली बसतो.
प्रार्थना म्हणून तोंडात आलं ते एवढंच:
करपू देऊ नकोस.
हे पाकाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल,
मी स्वतःला विचारलं नाही.

सांगायचं होतं ते वेगळंच.
गोठ्यामागचा थोरला मॅपल नोव्हेंबरच्या वादळात आडवा झाला.
शेजारचा टोबायस, सतरा वर्षांचा, शनिवारी ओंडके फोडायला येतो.
एका ओंडक्यावर त्यानं कुऱ्हाड घातली
आणि तो शेंगेसारखा उकलला.
आत, सालीपासून वीतभर खोल,
एक गोल भोक.
त्याच्या वर-खाली तपकिरी डाग, मेणबत्तीच्या ज्योतीएवढा.
बाहेरून कशाचा पत्ता नव्हता.
टोबायसनं नखानं वलयं मोजली. एकाहत्तर.
म्हणजे ऑरिनच्या बापानं पाडलेलं,
आणि शेजारी सहा वर्षांचा ऑरिन,
दोन्ही हातांनी बादली धरून.

मला एकदम बसावंसं वाटलं. बर्फावरच बसले.

झाड भोक बुजवत नाही, टोबायस,
ते त्याच्याभोवती वाढत राहतं,
असं बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली.
झालं, आलं प्रवचन.

म्हणून पुढचं मनातच ठेवलं:
की कबरीतून उठून आलेल्या प्रभूच्याही तळहातांवर
भोकं तशीच होती.
ज्यानं मरण मागे टाकलं,
त्याला दोन खिळ्यांच्या जागा लिंपून घेणं
असं काय अवघड होतं?
पण नाही लिंपल्या.
ओळख पटायला त्याच उपयोगी पडल्या.
आणि नंतर त्याच हातांनी
त्यानं तळ्याकाठी निखारे पेटवले,
रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना मासे भाजून वाढले.
मला पुनरुत्थानातलं फार कळत नाही.
न्याहारीचं कळतं.

अर्धा ओंडका घरात नेला, ऑरिनच्या मांडीवर ठेवला.
बराच वेळ तो नुसता बघत राहिला.
मग डाव्या हाताचं बोट भोकात घातलं,
पेरापर्यंत.
मी वाट पाहिली त्या शब्दाची.
तो काहीच बोलला नाही.
बाहेर पत्र्याच्या तळावर थेंब वाजत होते,
कुठला आधी, कुठला मागून, ताळ नाही.

तेवढ्यात भट्टीकडून टोबायस ओरडला, फेस!
आणि मी लोण्याची वाटी घेऊन पळाले.